एका वाक्याची वंशावळ : युद्धकाळ, स्थानबद्धता आणि ‘खात्री’ ह्या शब्दाचा अर्थ

१

युद्धकाळात नागरिकांच्या स्वातंत्र्यावर काही मर्यादा पडणारच, ही गोष्ट बहुतेक सर्व राज्यव्यवस्थांनी गृहीत धरलेली आहे. तीविषयी तत्त्वतः फारसा वाद नाही. वाद आहे तो त्या मर्यादांना मर्यादा कोणती, ह्याविषयी. राज्यशास्त्र व विधिशास्त्र ह्यांच्या अभ्यासकांनी ह्या प्रश्नाचा विपुल ऊहापोह केलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार भाषाभ्यासाच्या बाजूने करावयाचा आहे. हा विचार केवळ विषयांतराची हौस म्हणून केलेला नाही. खटला न चालविता माणसाला तुरुंगात ठेवण्याचा अधिकार अखेर एखाद्या अधिनियमातील अथवा नियमातील एका वाक्यात साठविलेला असतो. त्या वाक्याचे क्रियापद कोणते, त्याचा कर्ता कोण आणि त्यातील ‘जर’ हे अव्यय कशाला बांधलेले आहे, ह्यांवर त्या माणसाची सुटका पुष्कळदा अवलंबून राहिली आहे.

येथे विचारासाठी घेतलेले वाक्य इंग्लंडमध्ये १९३९ साली तयार झाले. तेथील लोकप्रतिनिधींनी आक्षेप घेतल्यामुळे ते काही आठवड्यांतच बदलण्यात आले. परंतु हिंदुस्थानात ते जवळजवळ जसेच्या तसे रुजले आणि पुढे स्वतंत्र भारताच्या विधिसंग्रहातही टिकून राहिले. ह्या वाक्याचा प्रवास आणि निरनिराळ्या न्यायाधीशांनी केलेले त्याचे वाचन ह्यांची चिकित्सा करून असे दाखवावयाचे आहे की, युद्धकाळातील स्वातंत्र्याचा मुख्य प्रश्न ‘सरकारला अधिकार किती’ हा नसून ‘सरकारचे म्हणणे चुकीचे ठरू शकते की नाही’ हा आहे, आणि ह्या प्रश्नाचे उत्तर प्रथम व्याकरणात सापडते.

२

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९१५ साली जो नियम करण्यात आला, त्याची भाषा ‘मंत्र्यास असे दिसून आले तर’ अशा वळणाची होती. त्या नियमाखाली स्थानबद्ध झालेल्या, जन्माने जर्मन परंतु इंग्लंडचे नागरिकत्व स्वीकारलेल्या झाडिग नावाच्या गृहस्थाचा अर्ज १९१७ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने फेटाळला. त्या वेळी एकट्या लॉर्ड शॉ ह्यांनी भिन्न मत नोंदविले. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ च्या सप्टेंबरात नवा नियम आला. ‘अठरा-ब’ ह्या नावाने तो पुढे प्रसिद्धी पावला. त्याच्या पहिल्या पाठाचा आशय असा होता : एखाद्या विशिष्ट व्यक्तीला सार्वजनिक सुरक्षिततेस अथवा राज्याच्या संरक्षणास बाधक असे वर्तन करण्यापासून रोखण्यासाठी तसे करणे आवश्यक आहे अशी मंत्र्याची खात्री झाल्यास त्याने स्थानबद्धतेचा आदेश द्यावा.

१९३९ च्या ऑक्टोबरअखेर हाउस ऑफ कॉमन्समध्ये ह्या शब्दयोजनेवर कडक टीका झाली. युद्ध सुरू असताना, सरकारच्या युद्धप्रयत्नास पाठिंबा देणाऱ्या सभासदांनीही तीत भाग घेतला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. परिणामी नोव्हेंबरात नियमाचा दुसरा पाठ प्रसिद्ध झाला. त्यात ‘खात्री झाल्यास’ हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी, अमुक व्यक्ती शत्रूशी मूळचा अथवा संगतीचा संबंध असलेली आहे, किंवा तिने नुकतीच बाधक कृत्ये केली आहेत, ‘असे मानण्यास मंत्र्याजवळ वाजवी कारण असल्यास’, असे शब्द आले.

ह्या दोन पाठांत भेद कोणता? तो मराठीच्या आधारे अधिक स्पष्ट करता येतो. ‘मंत्र्याला खात्री पटली’ ह्या वाक्याची रचना ‘मला भूक लागली’, ‘मला हे आवडले’ ह्या वाक्यांच्या जातीची आहे. येथे ‘ला’ प्रत्यय लागलेली व्यक्ती काही करीत नाही. तिला काही होते. ती अनुभव घेणारी आहे. रुचणे ह्या अर्थाच्या धातूंच्या योगात ज्याला रुचते त्याला संप्रदान ही संज्ञा देताना पाणिनीने हाच विशेष हेरला होता. अशा वाक्यांचा एक गुण असा की, त्यांच्या सत्यासत्यतेचा साक्षी एकटा अनुभव घेणाराच असतो. ‘मला भूक लागली’ असे कोणी म्हटले तर ‘तू खोटे बोलतोस’ असे त्याला म्हणता येईल. पण ‘तुझी चूक होते आहे, तुला भूक लागलेलीच नाही’ असे म्हणणे विचित्र होय. ह्याच्या उलट, ‘असे मानण्यास माझ्याजवळ वाजवी कारण आहे’ हे विधान मनाबाहेरच्या जगाविषयी आहे. कारण खिशातल्या नाण्यासारखे असते. ते असल्यास बाहेर काढून दाखविता येते. नसल्यास, बोलणारा कितीही प्रामाणिक असला, तरी त्याचे म्हणणे चूक ठरते.

म्हणजे पहिला पाठ केवळ खोटेपणाच्या आरोपाने खोडता येतो. दुसरा चुकीच्या आरोपानेही खोडता येतो. स्थानबद्ध माणसाच्या दृष्टीने हा भेद शाब्दिक नव्हे. मंत्री लबाडी करीत आहे हे तुरुंगातून सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, आणि बहुतेक मंत्री लबाड नसतातही. ते चुकतात, घाई करतात, हाताखालच्या माणसाने पुढे ठेवलेल्या कागदावर विसंबतात. नोव्हेंबर १९३९ चा बदल झाला तो ह्या चुकांसाठी.

३

ह्या बदलाची कसोटी लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन ह्या खटल्यात लागली. १९४० च्या मे महिन्यात, फ्रान्स कोसळत असताना, गृहमंत्री सर जॉन अँडरसन ह्यांनी रॉबर्ट लिव्हरसिज ह्यांस शत्रुसंगतीच्या कारणावरून स्थानबद्ध केले. हे अँडरसन १९३२ ते १९३७ ह्या काळात बंगालचे गव्हर्नर होते, आणि विनाचौकशी स्थानबद्धता ही त्या प्रांतात नित्याची गोष्ट होती, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. लिव्हरसिज ह्यांनी गैरकायदा कैदेबद्दल दावा लावला व वाजवी कारणाचा तपशील मागितला. ३ नोव्हेंबर १९४१ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो तपशील देण्याची मंत्र्यास गरज नाही असा निर्णय चार विरुद्ध एक मतांनी दिला. मॉम, मॅकमिलन, राइट व रोमर हे एका बाजूस होते आणि लॉर्ड ॲटकिन एकटे दुसऱ्या बाजूस होते.

बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे. शब्दांचा अर्थ प्रसंगावरून ठरतो. प्रसंग राष्ट्राच्या अस्तित्वाचा आहे. मंत्र्यापुढील माहिती गुप्त असते. ती न्यायालयात उघड करता येणार नाही. शिवाय मंत्री पार्लमेंटला जबाबदार आहे. सबब ‘वाजवी कारण असल्यास’ ह्याचा अर्थ ‘आपणाजवळ वाजवी कारण आहे असे मंत्र्यास प्रामाणिकपणे वाटत असल्यास’ असाच घेतला पाहिजे.

ह्या युक्तिवादास हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही. अर्थ प्रसंगसापेक्ष असतो, हे तर भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व होय. मंत्र्याला स्थानबद्धांची संख्या दरमहा पार्लमेंटला कळवावी लागे. सल्लागार समित्या नेमलेल्या होत्या. आणि ह्या नियमाखाली युद्धकाळात स्थानबद्ध झालेल्या सुमारे १८०० व्यक्तींपैकी पुष्कळांची युद्ध संपण्याच्या फार आधी सुटकाही झाली. तेव्हा पार्लमेंटवरील भिस्त अगदीच पोकळ नव्हती.

परंतु बहुमताने ‘प्रसंग’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला, आणि सारा घोटाळा तेथे झाला. वाक्याचा प्रसंग म्हणजे ते ज्या भाषाव्यवहारात घडले तो व्यवहार : त्याच्या आधीचा पाठ, शेजारची कलमे, त्या शब्दसमूहाचा रूढ उपयोग. श्रोत्याच्या मनावरील दडपण हा वाक्याचा प्रसंग नव्हे. आपल्याकडील मीमांसकांनी वाक्यार्थाच्या प्रमाणांचा जो क्रम लावला आहे त्यात श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या ह्यांपैकी आधीचे प्रमाण नंतरच्याहून बलवान मानले आहे. साक्षात् शब्द स्पष्ट असताना प्रकरणाच्या जोरावर त्याला बाजूस सारता येत नाही. बहुमताने प्रकरणाला श्रुतीच्या डोक्यावर बसविले. आणि प्रकरणच पाहावयाचे तर ‘खात्री’ हा शब्द काढून ‘वाजवी कारण’ हे शब्द मुद्दाम घातले गेले, ह्याहून बोलके प्रकरण कोणते? दोन पाठांचा अर्थ एकच असेल तर पाठ बदलण्याचे श्रम कशासाठी घेतले गेले, ह्या प्रश्नाला बहुमताच्या निर्णयात पटण्याजोगे उत्तर मिळत नाही.

लॉर्ड ॲटकिन ह्यांच्या निर्णयाचे सामर्थ्य त्यांच्या पद्धतीत आहे. तो निर्णय स्वातंत्र्याचे स्तोत्र म्हणून अनेकदा उद्धृत केला जातो, पण त्याचा बराच मोठा भाग एखाद्या कोशकाराच्या टिपणांसारखा आहे. ‘वाजवी कारण’ हा शब्दसमूह अटकेचा अधिकार, खोडसाळ फिर्याद इत्यादी ठिकाणी पूर्वीपासून कोणत्या अर्थाने वापरला गेला, युद्धकालीन इतर नियमांत मंत्र्याला निरंकुश अधिकार द्यावयाचा असेल तेथे कोणते वेगळे शब्द योजले आहेत, ह्याची उदाहरणे त्यांनी एकामागून एक मांडली. एखाद्याचा घोटा मोडला असेल तर, आणि घोटा मोडला आहे असे त्याला वाटत असेल तर, ह्या दोन अटी एक नव्हेत, हे त्यांचे साधे उदाहरण पुढे सर्वतोमुखी झाले. शस्त्रांच्या गलबल्यातही कायदे मुके होत नाहीत. ते बदलता येतील, पण बदलेपर्यंत ते युद्धात व शांततेत एकच भाषा बोलतात, हे त्यांचे प्रतिपादन ह्या उदाहरणांच्या पायावर उभे आहे. पाया काढून घेतला तर ते केवळ वक्तृत्व उरेल.

असे असूनही त्यांच्या निर्णयातील सर्वांत गाजलेल्या भागाशी सर्वस्वी सहमत होता येत नाही. शब्दाचा अर्थ मी ठरवीन तोच, असे म्हणणाऱ्या लुइस कॅरोलच्या हम्प्टी डम्प्टी ह्या पात्राची आठवण त्यांनी करून दिली. हा उल्लेख गाळावा अशी विनंती लॉर्ड चॅन्सेलर सायमन ह्यांनी त्यांना पत्राने केली होती. ती त्यांनी मानली नाही. निकालानंतर लॉर्ड मॉम ह्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून ॲटकिन ह्यांच्या टीकेचा निषेध केला. विनोद धारदार आहे ह्यात शंका नाही. पण निदान पुरतेपणी बरोबर नाही. ते पात्र अर्थाची मालकी स्वतःकडे घेते. बहुमताने ती स्वतःकडे घेतली नव्हती; ती मंत्र्याच्या स्वाधीन केली होती. न्यायाधीशाने मनमानी करणे हा एक दोष. न्यायाधीशाने अर्थ लावण्याचे आपले कामच दुसऱ्यास देऊन टाकणे हा निराळा व अधिक गंभीर दोष. ॲटकिन ह्यांनी अन्यत्र, न्यायाधीश कारभाऱ्यांहूनही अधिक कारभारी वृत्तीचे झाले आहेत अशा आशयाची जी टीका केली, ती ह्या दृष्टीने अधिक अचूक आहे. अडतीस वर्षांनी, १९७९ साली, त्याच सभागृहात लॉर्ड डिप्लॉक ह्यांनी बहुमताचा निर्णय चुकीचा होता, मात्र त्या काळी ती चूक कदाचित क्षम्य होती, असे मान्य केले.

४

आता हे वाक्य हिंदुस्थानात कसे आले ते पाहू. येथील भूमी त्यास अनुकूल होती. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनाखाली सरकार राजकीय कारणासाठी कोणासही खटल्याविना बंदीत ठेवू शकत असे. रँडच्या वधानंतर १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना ह्याच रेग्युलेशनाखाली पकडण्यात आले. त्यात खात्रीही नको होती व कारणही सांगावयाचे नव्हते. त्या मानाने १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याची भाषा सुधारलेली दिसते. बाधक वर्तनाचा ज्यांच्याविषयी ‘वाजवी संशय’ आहे अशा व्यक्तींना स्थानबद्ध करण्यासाठी नियम करावेत, असे त्या कायद्याचे कलम म्हणत होते. पण कायद्याखाली केलेल्या २६ व्या नियमात मात्र हे शब्द नव्हते. तेथे, विशिष्ट व्यक्तीला बाधक वर्तनापासून रोखण्यासाठी तसे करणे आवश्यक आहे अशी सरकारची ‘खात्री झाल्यास’, अशी शब्दयोजना होती. वाचकांच्या ध्यानी येईल की हा इंग्लंडमधील नियमाचा पहिला, नाकारलेला पाठ होय. लंडनमध्ये नोव्हेंबर १९३९ मध्ये जे वाक्य नागरिकांना घातक म्हणून बदलले गेले, तेच दिल्लीत कायम राहिले. वेस्टमिन्स्टरमधील चर्चेचा लाभ हिंदी प्रजेला मिळाला नाही.

१९४२ च्या ऑगस्टनंतर ह्या अधिकाराचा वापर किती व्यापक झाला हे सांगावयास नको. मुंबईतून फेडरल कोर्टापुढे गेलेल्या केशव तळपदे ह्यांच्या अपिलात एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर ह्यांनी दिलेला निर्णय भाषिक चिकित्सेचा उत्तम नमुना आहे. कायद्याचे कलम व त्याखालचा नियम त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचले. कलम म्हणते ‘वाजवी संशय असलेली व्यक्ती’; नियम म्हणतो ‘आवश्यकतेची खात्री’. पहिल्यात त्या व्यक्तीविषयी काहीतरी वस्तुस्थिती असावी लागते. दुसऱ्यात ती लागत नाही. एखादा पुढेमागे काही करील असे सरकारला वाटते, एवढ्यावरून त्याला पकडण्याची मुभा कलमाने दिलेली नाही. सबब नियम कायद्याबाहेर गेला व तो निरर्थक ठरला. इंग्लंडच्या श्रेष्ठ न्यायालयाने जो भेद पुसला होता तो दीड वर्षांच्या आत, युद्ध चालू असताना, दिल्लीच्या न्यायालयाने ओळखला.

परंतु ह्या निर्णयाचे आयुष्य अल्प ठरले. त्याच महिन्यात गव्हर्नर-जनरलनी वटहुकूम काढून कायद्याच्या कलमाची भाषा नियमाच्या भाषेशी जुळेल अशी पूर्वलक्षी पद्धतीने बदलली. पुढे १९४५ साली शिवनाथ बॅनर्जी ह्यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने तळपदे निर्णय चुकीचा असल्याचे सांगितले : नियम करण्याचा सर्वसाधारण अधिकार आधीच्या पोटकलमात आहे, नंतरची यादी केवळ उदाहरणादाखल आहे, असे तिचे म्हणणे पडले. तथापि त्याच प्रकरणात आणखी एक भाषिक प्रश्न उपस्थित झाला होता. खात्री झाली खरी, पण कोणाला? पोलिसांनी शिफारस करावी आणि कचेरीने त्याबरहुकूम आदेश काढावा असा परिपाठ बंगालमध्ये पडला होता. काही स्थानबद्धांच्या बाबतीत ज्याची खात्री व्हावयास हवी त्याने प्रकरणाचा विचारच केलेला नव्हता, हे प्रिव्ही कौन्सिललाही मान्य करावे लागले. ‘खात्री’ हा अनुभव आहे असे म्हटले तर तो कोणीतरी घेतलेला असला पाहिजे; बिनमालकाचा अनुभव संभवत नाही. खात्रीच्या वाक्यातही एवढी एक फट शिल्लक राहते.

येथे एक आक्षेप संभवतो. वटहुकूम काढून शब्द बदलता येत असतील तर शब्दांच्या चिकित्सेने साधते काय? ह्याचे उत्तर असे की, शब्द बदलण्यास भाग पाडणे हेही साधणेच होय. पूर्वी सरकार कायद्यात एक म्हणत होते व नियमात दुसरेच करीत होते. तळपदे निर्णयानंतर त्याला आपले म्हणणे उघडपणे कायद्यात लिहावे लागले. जबाबदार विधिमंडळ असते तर त्या लिहिण्याची चर्चा झाली असती. ते नव्हते म्हणून ती झाली नाही. हा दोष वाचनपद्धतीचा नसून राज्यपद्धतीचा होता. इंग्लंडमध्ये ज्या संसदीय पहाऱ्याच्या भरवशावर बहुमताने आपले डोळे मिटून घेतले, तो पहारा वाक्याबरोबर समुद्र ओलांडून आला नाही, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये.

५

स्वातंत्र्यानंतर ही भाषा बदलेल अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात १९५० च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यात तेच वाक्य आले. आणि चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी पुकारली गेल्यावर भारत संरक्षण नियमांतील ३० व्या नियमातही ते आले. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाकडे जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला. १९६३ साली माखनसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही स्थगिती मान्य केली. परंतु आदेश दुष्ट हेतूने काढला आहे, किंवा तो ज्या नियमाखाली काढला त्या नियमातच बसत नाही, असे म्हणण्याचा मार्ग खुला ठेवला. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर, ‘खोटे’ म्हणता येईल, ‘चूक’ म्हणता येणार नाही. मात्र वाक्य नीट उच्चारले आहे की नाही हे पाहता येईल.

ह्या तिसऱ्या वाटेचे महत्त्व १९६५ च्या सप्टेंबरात दिसून आले. त्या महिन्याच्या ६ तारखेस भारतीय सेना पंजाबच्या सीमेवरून लाहोरच्या रोखाने पुढे गेली. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी ह्या प्रकरणाचा निर्णय दिला. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना संझगिरी ह्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले होते. त्याचे हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्याची परवानगी राज्यसरकारने नाकारली. पुस्तक शुद्ध शास्त्रीय स्वरूपाचे होते. त्यात संरक्षणास बाधक असे काही होते असा सरकारचाही दावा नव्हता. सरकारचे म्हणणे एवढेच की, स्थानबद्धतेच्या अटींत ज्या सवलती दिल्या आहेत तेवढ्याच स्थानबद्धाच्या पदरी पडतात, आणि पुस्तक प्रकाशित करण्याची सवलत त्यांत नाही.

न्या. सुब्बाराव ह्यांनी ह्या युक्तिवादाचे जे उत्तर दिले ते अर्थनिर्णयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. अटींत नाही ते स्थानबद्धाला नाही, असे मानले तर अन्न देण्याची अट नसल्यास त्याला उपाशी मारणेही कायदेशीर ठरेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. सरकार मौनाचा अर्थ निषेध असा करीत होते. न्यायालयाने मौनाचा अर्थ मोकळीक असा केला. आदेशाने देह अडविला. आदेशात जे अडविलेले नाही ते अडलेले नाही. नागरिकाला जे स्वातंत्र्य आहे ते सरकारने वाटून दिलेले नाही. ते मुळात आहे, आणि त्यातून जेवढे काढून घेतले तेवढे शब्दांत दाखविण्याचे ओझे काढून घेणाऱ्यावर आहे. मराठीतील एका शास्त्रीय पुस्तकाच्या हस्तलिखितामुळे हे तत्त्व निश्चित झाले, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांना अधिक परिचित असावयास हवी.

दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, डॉ. राममनोहर लोहिया ह्यांच्या प्रकरणाचा निर्णय लागला. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ असे शब्द होते. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशात ‘कायदा व सुव्यवस्था’ असे होते. दैनंदिन व्यवहारात ह्या दोहोंत कोणी भेद करीत नाही. न्या. हिदायतुल्ला ह्यांनी तो एकात एक असलेल्या तीन वर्तुळांच्या उपमेने स्पष्ट केला : सर्वांत बाहेरचे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि अगदी आत राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळातील प्रत्येक घटना आतल्या वर्तुळात मोडत नाही. दोघांची मारामारी हा कायद्याचा भंग होय. तेवढ्याने समाजाची घडी विसकटत नाही. आदेश नियमाच्या शब्दांबाहेर गेला म्हणून बहुमताने डॉ. लोहियांची सुटका केली. न्या. रघुवर दयाळ ह्यांनी भिन्न मत दिले. ह्या निर्णयास तांत्रिक म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, ज्याच्या हातून दुसरे सर्व युक्तिवाद काढून घेतले आहेत त्याच्याजवळ शब्दांच्या नेमकेपणाखेरीज काहीच उरलेले नसते. युद्ध पेटलेले असताना लागोपाठ दोन दिवस न्यायालयाने शब्द काळजीपूर्वक वाचले, आणि त्यायोगे युद्धप्रयत्नास कोणतीही बाधा आली नाही.

६

ह्याच्या उलट चित्र अकरा वर्षांनी दिसले. ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध सुरू झाल्यावर पुकारलेली आणीबाणी युद्ध संपल्यावरही मागे घेतली गेली नाही. ती अमलात असतानाच २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून दुसरी पुकारण्यात आली. युद्धासाठी मागितलेली सवलत युद्धाबरोबर संपत नाही, ह्याचे हे ठळक उदाहरण होय. १९७१ च्या ‘मिसा’ कायद्यातही स्थानबद्धतेचे वाक्य तेच, ‘खात्री झाल्यास’चे होते. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी असे ठरविले की, आदेश दुष्ट हेतूने काढला असला किंवा कायद्यात बसत नसला, तरी तो आव्हानास पात्र नाही. माखनसिंग प्रकरणाने उघड्या ठेवलेल्या दोन्ही वाटा बंद झाल्या. आता सरकारचे वाक्य चूक ठरू शकत नव्हते, खोटे ठरू शकत नव्हते आणि अशुद्धही ठरू शकत नव्हते. जे विधान कोणत्याही प्रकारे नाकारता येत नाही ते विधानच राहत नाही. तो केवळ हुकूम होतो. बहुमताने लिव्हरसिज खटल्याचा आधार घेतला, आणि एकट्या न्या. हंसराज खन्ना ह्यांनी भिन्न मत दिले. इतिहासाने ह्या दोन खटल्यांचे साम्य मतांच्या संख्येपर्यंत पाळले.

त्यानंतरच्या दुरुस्त्याही भाषिकच आहेत. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ ह्या सैल शब्दांच्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आणले, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असावा अशी अट घातली, आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे २१ वे कलम स्थगितीच्या कक्षेबाहेर ठेवले. २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात जबलपूर निर्णय चुकीचा म्हणून रद्द ठरविण्यात आला. परंतु मूळ वाक्य मात्र गेले नाही. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात, म्हणजे शांततेच्या काळासाठी केलेल्या कायद्यात, एखाद्या व्यक्तीला बाधक वर्तनापासून रोखण्यासाठी तसे करणे आवश्यक आहे अशी सरकारची ‘खात्री झाल्यास’, ही रचना कायम आहे. हाउस ऑफ कॉमन्सने १९३९ साली युद्धकाळासाठीही जे वाक्य नाकारले ते आपण शांतताकाळासाठी स्वीकारले आहे.

ह्या विवेचनावरून शब्द नीट लिहिले की स्वातंत्र्य सुरक्षित झाले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. लिव्हरसिज खटल्यात शब्द चांगले होते व वाचणारे घाबरलेले होते. लोहिया खटल्यात शब्द सैल होते व वाचणारे दक्ष होते. चांगला शब्द भित्र्या वाचकाच्या हाती निकामी होतो हे खरे, पण वाईट शब्द दक्ष वाचकालाही फार थोडी जागा देतो, हेही तितकेच खरे आहे. म्हणून दोन्ही आघाड्यांवर काम करावे लागेल. विधिमंडळाने ‘खात्री’च्या जागी ‘वाजवी कारण’ लिहावे, ही मागणी विधिज्ञांनी केली आहे व करीत राहतील. गुप्त माहितीचा प्रश्न बंद दालनातील सुनावणीने सुटण्याजोगा आहे. त्यासाठी कारणच नाहीसे करण्याची गरज नाही.

भाषेच्या अभ्यासकाचे काम ह्याहून लहान, पण त्याच्या आवाक्यातले आहे. स्थानबद्धतेचा आदेश, वटहुकूम, अधिसूचना ही सारी गद्यलेखनेच आहेत, आणि ती बहुधा कोणी चिकित्सक दृष्टीने वाचीत नाही. कवितेतील एका विशेषणावर आपण पृष्ठेच्या पृष्ठे लिहितो. ज्या ‘जर’मुळे माणूस घरी जातो किंवा कोठडीत राहतो त्या ‘जर’कडे आपले लक्ष जात नाही. कर्ता कोण, अनुभव कोणाचा, कारण मनात की जगात, मौनाचा अर्थ निषेध की मोकळीक, हे चार प्रश्न पदव्युत्तर वर्गातील कोणत्याही विद्यार्थ्यास विचारता येतात. युद्धकाळात ते विचारणे कठीण होते. त्या वेळी ते सुचावेत असे वाटत असेल, तर विचारण्याची सवय शांततेतच लागावयास हवी.